क्लोरीन हजर, पण कामाचं किती?

कर्जत, अलिबाग, लोणावळा, कुठल्याही फार्महाऊसवर जा, पूलमधून बाहेर आलेल्या मंडळींचे डोळे लाल झाले की एकच वाक्य ऐकू येतं, "क्लोरीन जास्त टाकलंय वाटतं". केअरटेकर बिचारा क्लोरीन कमी करतो आणि आठवड्याभरात पाणी हिरवट व्हायला लागतं. अहो, तो जो टिपिकल पूलचा वास असतो ना, तो बहुतेक वेळा क्लोरामाइन्सचा असतो, म्हणजे घाम आणि (हो, तेच) लघवीतल्या नायट्रोजनबरोबर क्लोरीनची रिॲक्शन होऊन जे बनतं त्याचा. डोळे चुरचुरतात ते पण बरेचदा त्यानेच. थोडक्यात कामाचं क्लोरीन कमी पडलेलं असतं, आणि त्यामागे पुष्कळदा पीएच असतो, म्हणजे पाणी किती ॲसिडिक (7 च्या खाली) किंवा अल्कलाइन (7 च्या वर) आहे ते सांगणारा आकडा.

आता माझा आवडता भाग. पावडर टाका नाहीतर लिक्विड, पाण्यात गेल्यावर क्लोरीन दोन रूपांत राहतं. एक हायपोक्लोरस ॲसिड, दुसरं त्यातून हायड्रोजन आयन निघून गेल्यावर उरलेला हायपोक्लोराइट आयन. पहिल्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे ते बॅक्टेरियाच्या आवरणातून सहज आत शिरतं आणि आतल्या प्रोटीन्सची वाट लावतं. दुसऱ्यावर ऋणभार, आणि बॅक्टेरियाचा पृष्ठभागही ऋणभारितच, मग तो बाहेरच ढकलला जातो, त्यामुळे जंतू मारण्यात फारच ढिला. पीएच 7.5 ला दोघं साधारण निम्मे-निम्मे. 7 ला कामाचं रूप पाऊण हिस्सा, 8 ला पाव, 8.5 ला जेमतेम दहावा. आणि गंमत म्हणजे क्लोरीनची टेस्ट दोघांना मिळून मोजते, म्हणजे किट 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) दाखवतंय म्हणून आपण खूश आणि प्रत्यक्षात त्यातला बराचसा माल नुसताच बसून! (ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर पाण्यात त्यांच्यातलं सायन्यूरिक ॲसिडही असतं, ते बरंचसं क्लोरीन धरून ठेवतं आणि हायपोक्लोरस कमी झालं की थोडं थोडं सोडतं, त्यामुळे तिथे पीएचचा फटका एवढा जोरात बसत नाही.)

मग 6.5 वरच का ठेवू नये? कारण तिथे हीटरचं तांबं आणि टाइल्समधलं ग्राउट (फटी भरणारा मसाला) खायला सुरुवात होते. अश्रूंचा पीएच 7.4 च्या आसपास, म्हणून 7.2 ते 7.6 ठेवलं की डोळेही खूश.

टेस्टसाठी पाणी कोपरभर खोलीवरून घ्या, इनलेटच्या (पूलमध्ये पाणी परत सोडणाऱ्या पाइपच्या) तोंडापासून लांब. फिनॉल रेडचे (पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाचे) थेंब टाका, झाकण लावून हलवा, बोट लावून नको, घामाने रीडिंग बिघडतं. पिवळा म्हणजे 6.8 च्या खाली, गडद गुलाबी म्हणजे 8.2 च्या आसपास. जांभळा दिसला तर क्लोरीनच फार आहे, ते उतरल्यावर परत बघा.

बोअरचं पाणी भरलं तर पहिल्या दिवशी पीएच छान दिसतो आणि मग चढतो, कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उतरवायला ॲसिड लागतं, पण किती ते पाण्यातलं बायकार्बोनेट ठरवतं, कारण ते टाकलेलं ॲसिड शोषून घेतं; ही शोषायची ताकद म्हणजे अल्कॅलिनिटी. 50,000 लिटरचा पूल 8 वरून 7.5 वर आणायला, अल्कॅलिनिटी 100 पीपीएम असेल तर 32 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण अर्धा लिटर. बायकार्बोनेट अजिबात नसतं तर चमचाभरही पुरलं असतं, पण मग पीएच रोज वरखाली नाचला असता, त्यामुळे अल्कॅलिनिटी 80 ते 120 मध्ये असू द्या. उलट पीएच खाली गेला असेल तर तो चढवायला सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट).

ॲसिड आधी बादलीभर पाण्यात ओता, ॲसिडवर पाणी कधीच नाही, आणि ज्या बादलीत क्लोरीन कालवलं ती तर मुळीच घेऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. पंप चालू ठेवा, चार-पाच तासांनी परत टेस्ट करा.