शंभर पौंडांची दोरी, युरियाची एक गोणी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर आणि मासा म्हणजे रोहू, कटला, नशिबात असली तर मरळ. खोल समुद्रातल्या गळाबद्दल मी लिहावं हे नवलच. पण माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि भाचा अंदमानात, हौशी लोकांना मासेमारीला नेणाऱ्या बोटीवर कामाला आहे. पावसाळ्यात तिकडचं काम थंडावलं की तो घरी येतो. यंदा आषाढात आला तो खिशात ॲल्युमिनियमच्या बारीक स्लीव्हची पुडी घेऊन.

स्लीव्ह म्हणजे गाठीऐवजी दोरीवर दाबून बसवायची, बोटाच्या पेराहून आखूड नळी. खरं तर दोन नळ्या एकमेकींना चिकटवाव्यात तसं तिचं तोंड दिसतं. भाच्यानं तंगूसाची, म्हणजे नायलॉनची, जाड दोरी एका भोकातून घातली, फास केला आणि टोक दुसऱ्या भोकातून परत आणलं. "आता दाबायची," म्हणाला. मी सवयीनं पक्कड उचलली.

"थांबा की मामा! मोटारीची लग नाही ती." (लग म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी.)

आधी ही जाड दोरी कशाला, ते सांगतो. रिळावरची मुख्य दोरी बारीक असते. गळाजवळचा शेवटचा काही हात मात्र जाड, कारण मार्लिनची खरखरीत चोच, टूनाचे दात आणि बोटीची कड यांचा घासा तिथंच बसतो. या तुकड्याला लीडर म्हणतात. तो किती ओढ सोसतो, त्याचे १००, २००, ३०० पौंड असे आकडे त्यावर असतात. १०० पौंड म्हणजे ४५ किलो आणि थोडं वर. आपल्या युरियाची गोणी ४५ किलोचीच असते, त्यामुळे आमच्या घरात लीडरचा हिशेब गोण्यांत होतो. ३०० पौंडी म्हणजे तीन गोण्या.

मग गाठ का मारत नाहीत? दोरीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा सोळापट. दीड-दोन मिलिमीटरच्या नायलॉनला निरगाठ मारून बघा, ती बसतच नाही, कमानीसारखी फुगून राहते. ओढून बसवली तरी वळणाच्या बाहेरच्या अंगाला ताण जास्त आणि आतल्या अंगाला चेप. दोरी तुटते ती बहुधा गाठीतच. कासऱ्याला हे चालतं, कारण तो शेकडो तंतूंचा असतो आणि प्रत्येक तंतू आपापल्या परीनं वाकतो. तंगूस म्हणजे एकच एक सलग तंतू.

स्लीव्हमध्ये दोरी सरळ राहते. शिवाय ओझ्याची वाटणी बघण्यासारखी आहे. फासाला ४५ किलो लटकले, की फासाच्या दोन्ही पायांवर साडेबावीस-साडेबावीस येतात. मोकळ्या टोकाच्या बाजूचा पाय स्लीव्हनं धरून ठेवायचा, म्हणजे स्लीव्हला घर्षणाच्या जोरावर निम्माच भार पेलायचा असतो. एवढीशी नळी एवढं काम करते त्यामागे हा साधा भागाकार आहे.

आता दाबण्याचं. बोअरच्या मोटारीच्या केबलला आम्ही तांब्याची लग पंच करतो तेव्हा लग आणि तारा दोन्ही कायमच्या चेपतात, मधली हवा निघून जाते आणि करंटला वाट मिळते. नायलॉनचं तसं नाही. ॲल्युमिनियम चेपलं की चेपलेलंच राहतं. नायलॉन मात्र थोडं चेपून परत फुगू बघतं. बाहेरची नळी त्याला फुगू देत नाही, म्हणून ते आतून सतत भिंतीला रेटत राहतं. घर्षण येतं ते या रेट्यातून. जास्त दाबलं तर नायलॉन चिरडतं आणि रेटा देणारंच कोणी उरत नाही. लग दाबताना हात जड असला तरी बरंचसं खपून जातं, इथं अजिबात नाही.

उलट बाजूनं, ओढ बसली की दोरी लांबते आणि लांबताना बारीक होते. नायलॉन १० टक्के लांबलं तर जाडी साधारण ४ टक्क्यांनी घटते, २ मिलिमीटरची दोरी १.९२ वर येते. ही पकड पहिल्यांदा सुटते ती ओढीच्या बाजूच्या तोंडाशी, मग आत सरकत जाते. भोक मुळातच सैल असेल तर काय होईल ते उघड आहे. म्हणून स्लीव्ह निवडताना पौंडांचा आकडा बघून भागत नाही; एकाच आकड्याच्या दोन कंपन्यांच्या दोऱ्या जाडीला वेगळ्या निघतात. भाच्यानं माझा वायंडिंगची तार मोजायचा मायक्रोमीटर उचलला तेव्हा मला बरं वाटलं. २ मिलिमीटर म्हणजे आमच्या बोलीत जवळपास १४ गेज. दोरी भोकातून अडखळत नाही, पण डुलतही नाही, असं भोक हवं.

धातूचं उत्तर आत काय आहे त्यावर. नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनच्या दोरीला मऊ ॲल्युमिनियम. सुरमईसारख्या कात्रीदाती माशांसाठी स्टीलच्या पिळाच्या तारेचा लीडर लागतो, तिथं तांबं. मऊ तांबं पिळांच्या खाचांत शिरून बसतं. स्टेनलेस स्टीलशेजारी ॲल्युमिनियम ठेवलं, तर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या समुद्राच्या पाण्यात त्या जोडीची बॅटरीच होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. डीपीवर ॲल्युमिनियमच्या तारेला थेट तांबं जोडलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा रोग ओळखीचा आहे.

अवजारात सगळी मेख जबड्याची. पक्कड कात्रीसारखी मिटते, एका बाजूला आधी, दुसऱ्याला नंतर. नळी चपटी होते आणि दोरीही. दुहेरी नळीसाठी समोरासमोर दोन अर्धगोल वाट्या असलेला क्रिम्पर हवा, म्हणजे दाब चौफेर पडतो. एका बाजूला टोक आणि एका बाजूला वाटी असा जबडाही मिळतो, तो तारेवरच्या एकेरी गोल नळीसाठी. नायलॉनवर तो वापरला तर खिळा ठोकल्यासारखंच. नळीची दोन्ही तोंडं दाबायची नाहीत, थोडी कर्ण्यासारखी उघडी ठेवायची. तोंडापर्यंत दाबली तर कड अडकित्त्याचं काम करते. मोकळं टोक किंचित बाहेर ठेवून लायटरनं वितळवायचं, त्याचा मणी होतो आणि तो नळीतून मागे येत नाही. ज्योत दूरूनच, नायलॉन प्रकाराप्रमाणे २२० ते २६५ अंशांच्या आसपास वितळतं आणि फासाला झळ लागली तर सगळंच मुसळ केरात.

(फास घासू नये म्हणून आत खोबणीची कडी बसवतात, तिला ते थिंबल म्हणतात. आमच्याकडे लगलाच थिंबल म्हणतात. यावरून मामा-भाच्याची दहा मिनिटं गेली.)

मग कडुलिंबाच्या फांदीला १०० पौंडी दोरीचे तीन तुकडे बांधले आणि युरियाची गोणी हळूहळू सोडत गेलो. माझा पक्कडीचा तुकडा नळीच्या कडेशी कापल्यासारखा तुटला. दुसरा भाच्यानं मुद्दाम मोठ्या भोकाच्या नळीत, मणी न करता दाबला होता. तो तुटला नाही. दोरी गोगलगायीच्या चालीनं निसटत गेली आणि गोणी अलगद जमिनीला टेकली. तिसऱ्याला ती लटकून राहिली, आमचा चहा होईपर्यंत. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. युरिया भिजला असता, म्हणून गोणी उतरवली. कपाशीला डोस द्यायचाच होता.