शॅल आणि विल: नियम आला कुठून?

नागपुरात स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांमध्ये मुलं आजही पाठ करतात: इंग्रजीत भविष्यकाळ सांगताना ‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकी सगळ्यांना विल, निर्धार किंवा हुकूम असेल तर उलट. हा नियम बोलणाऱ्यांनी घडवलेला नाही. ऑक्सफर्डचा गणिती जॉन वॉलिस याने तो १६५३ मध्ये, परकीयांसाठी लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. अनंताचं चिन्ह रूढ करणारा वॉलिस तो हाच. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी नियम उचलला आणि शाळांनी पक्का केला.

तो न पाळणाऱ्यांची थट्टाही झाली. बुडणारा स्कॉटिश किंवा आयरिश माणूस ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ ओरडतो आणि काठावरचे त्याचा निर्धार समजून त्याला बुडू देतात, असा किस्सा सांगत. नागपुरातलं इंग्रजी शिक्षण रुजवणारे स्टीफन हिस्लॉप हे याच स्कॉटलंडचे, जिथे भविष्यासाठी सर्रास विलच वापरत! १९२५ मध्ये चार्ल्स फ्राइज या अमेरिकन अभ्यासकाने नाटकांतले संवाद तपासले, तेव्हा ‘आय’सोबतही विलच जास्त आढळला. माझ्या मते ही घोकंपट्टी आता थांबवावी.

मात्र शॅल टाकाऊ नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देणं लागणे’ असा होता, तर विल म्हणजे इच्छा. देण्यातून कर्तव्य आलं, आणि कायद्याच्या भाषेत तेच टिकलं. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयात एखादं कलम बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, हा वाद अनेकदा याच शब्दावर येतो. नुसता शब्द पाहून तो सुटत नाही. संविधानाच्या ३२०व्या अनुच्छेदात लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत शॅल आहे; तरी १९५७ मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की सल्ला घेतला नाही एवढ्यावरून सरकारी कर्मचाऱ्यावरची कारवाई रद्द होत नाही. कलमाचा हेतू आणि ते मोडल्याचा परिणाम, दोन्ही पाहावं लागतं.

ही संदिग्धता टाळायला अमेरिकेने २००७ मध्ये आपल्या संघीय दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांतून शॅल काढला आणि संदर्भ पाहून मस्ट, मे किंवा शुड घातले. आपल्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाचं पहिलं वाक्य मात्र शॅलवरच उभं आहे, त्यामुळे इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा भेद मुळापासून शिकवायलाच हवा.