दोन फोटोंतला फरक आणि खरा बदल: उजनीच्या निमित्ताने

दर मे महिन्यात कोणीतरी उजनी धरणाचे दोन उपग्रह-फोटो शेजारीशेजारी लावून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडतं. डावीकडे ऑक्टोबर, उजवीकडे मे. एकीकडे निळंशार पाणी, दुसरीकडे भेगाळलेला तपकिरी पट्टा, खाली ओळ: ‘उजनी संपत चालली!’ पावसाळा झाला की तेच दोन फोटो जागा बदलून परत येतात आणि उजनीला नवसंजीवनी मिळते. फोटो दोन्ही वेळा खरे असतात. मथळे दोन्ही वेळा खोटे.

हे व्हॉट्सअ‍ॅपपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण भूगोलाच्या प्रबंधांत, पाणलोटाच्या कामांच्या मूल्यमापन अहवालांत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत हाच प्रकार ‘स्थल-काल विश्लेषण’ अशा भारदस्त नावाने चालतो. दोन तारखांची प्रतिमा घ्यायची, एकातून दुसरी वजा करायची, जिथे हिरवाईचा किंवा पाण्याचा आकडा घटला तिथे लाल रंग भरायचा. झालं विश्लेषण. ही वजाबाकी कशी करतात हे बहुतेकांना येतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. प्रश्न हा आहे की त्या वजाबाकीतून जे हाती लागतं त्याला ‘बदल’ म्हणायचं का.

एखाद्या जागेचा आकडा दोन तारखांना वेगळा येतो त्यामागे तीन वेगळी कारणं एकत्र मिसळलेली असतात. एक, ऋतूचं चक्र: दरवर्षी होणारं आणि दरवर्षी उलटणारं. दुसरं, वर्षावर्षातले हेलकावे: यंदा पाऊस चांगला, गेल्या वर्षी नाही. तिसरं, टिकून राहणारा बदल. पर्यावरणात काय बदललं असं आपण विचारतो तेव्हा आपल्याला फक्त तिसरं हवं असतं. दोन फोटोंच्या वजाबाकीत तिन्हींची बेरीज मिळते आणि कुठलं किती हे वेगळं काढायला तिच्यात काहीही नसतं. आपल्याकडे तर पहिलं कारणच इतकं दांडगं आहे की बाकीची दोन त्यात बुडून जातात. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पाडणाऱ्या मुलखात मे आणि ऑक्टोबरची तुलना करणं म्हणजे उपाशीपोटी आणि पंगतीवरून उठल्यावर वजन करून ‘जाड झालो’ म्हणण्यासारखं आहे.

भिगवणजवळ जलाशयाच्या कडेचा एकच चौकोन घ्या, ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे लँडसॅट या उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका, पिक्सेल. ऑक्टोबरमध्ये तो पाण्याखाली. पाणी मागे सरकलं की तिथे गाळपेर होते, हरभरा, मका, चाऱ्याची पिकं उभी राहतात आणि पिक्सेल हिरवागार. मेअखेर पीक निघालेलं, जमीन उघडी, पिक्सेल करडा. पुढच्या ऑक्टोबरात परत पाणी. आता या एका चौकोनातून हव्या त्या बातम्या काढता येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी: जलाशयात शेतीचं अतिक्रमण. फेब्रुवारी ते मे: सुपीक जमिनीचं ओसाडीकरण. मे ते ऑक्टोबर: शेती बुडाली. तिथल्या शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, काही झालेलं नाही, दरसालचंच आहे. आणि तोच बरोबर आहे. त्यात पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पसरली असेल तर काठोकाठ भरलेलं पाणीसुद्धा संगणकाला झाडोरा वाटतं. हे माहीत नसताना केलेलं वर्गीकरण म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

‘मग दरवर्षी एकाच महिन्यातली प्रतिमा घ्यावी,’ असं इथे शहाणे लोक म्हणतात. घ्यावीच. ती किमान अट आहे. पण तेवढ्याने भागत नाही, आणि खरी पंचाईत इथेच आहे, कारण ऋतू जुळवला की माणसाला आपण सगळं जुळवलं असं वाटायला लागतं.

उजनीचेच तीन ऑक्टोबर पाहा. २०२२ मध्ये धरण तुडुंब. २०२३ मध्ये पावसाने दगा दिला आणि साठा साठ टक्क्यांच्या आसपास अडकला. त्यामुळेच २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. २०२४ चा पावसाळा आला आणि ऑगस्टमध्येच शंभरी ओलांडली. महिना तोच, उपग्रह तोच. २०२२ आणि २०२३ लावा: भयानक घट. २०२३ आणि २०२४ लावा: विक्रमी वाढ. २०२२ आणि २०२४ लावा: काहीच झालं नाही. तीनपैकी कुठलंही उत्तर उजनीबद्दल नाही, तुम्ही कुठली दोन वर्षं उचलली त्याबद्दल आहे. ज्याला जलसंधारणाच्या कामाचं यश दाखवायचं असतं तो दुष्काळी वर्ष ‘आधी’ म्हणून घेतो. २०१५-१६ ला आधार वर्ष धरलेले किती अहवाल फिरत असतात ते कधी मोजून पाहा. दुष्काळापासून मोजायला सुरुवात केली की दगडसुद्धा हिरवा होतो.

(उणे टक्के हा काय प्रकार, हे सोलापूरबाहेरच्यांसाठी: उजनीत साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे टक्केवारीत न धरलेल्या तळच्या पाण्यात मोडतं. शून्य टक्के म्हणजे कोरडं धरण नव्हे, अजून ६३ टीएमसीच्या वर पाणी आहे.)

काळमालिका, म्हणजे वर्षानुवर्षांच्या प्रतिमांची सलग रांग, इथे कामाला येते. लँडसॅटची ३० मीटरची प्रतिमा १९८० च्या दशकापासून आहे आणि २००८ पासून तिचा साठा सगळ्यांना फुकट खुला आहे. म्हणजे तीसहून जास्त ऑक्टोबर हाताशी असताना त्यातले दोनच उचलायचं काही कारण उरत नाही. तीस वर्षांतून वर्षांच्या ४३५ जोड्या होतात. ‘सेनचा उतार’ या पद्धतीत त्या सगळ्या जोड्यांचा उतार काढून मधला घेतात, त्यामुळे एखाददुसरं दुष्काळी वर्ष अख्ख्या निष्कर्षाला वेठीला धरू शकत नाही. साध्या सरळ रेषेपेक्षा मला हीच पद्धत पसंत आहे, विशेषतः मालिकेच्या टोकाला दुष्काळ असेल तेव्हा. मात्र वर्षभराच्या सगळ्या तारखांचा कच्चा हिरवाई निर्देशांक एकत्र घालून त्यावर मान-केंडल चाचणी (मालिकेत कल आहे का हे तपासणारी) चालवू नका. ऋतू आत तसाच राहतो आणि उत्तराला अर्थ उरत नाही. पावसाळ्यानंतरची एक मालिका, उन्हाळ्याची दुसरी. दोन्ही वेगळ्या मांडा, वेगळ्या वाचा.

जलाशयाच्या बाबतीत मी याहून पुढे जाईन: तारीख जुळवण्यापेक्षा पातळी जुळवा. उजनीचं पाणी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरला गेलं की धरण पूर्ण भरलं, तिथे पाणी किती पसरणार हे बव्हंशी जमीनच ठरवते. म्हणून भरलेल्या वर्षांचे ऑक्टोबर एकमेकांसारखेच दिसतात, आणि त्यातून ‘काही बदललं नाही’ असा उलटा चुकीचा निष्कर्षही निघतो. धरणात खरोखर कायमचं काही बदलत असेल तर तो गाळ आहे. तो ओळखायची पद्धत जुनी आणि सुंदर आहे. नाशिकच्या ‘मेरी’ने (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) राज्यातल्या धरणांसाठी ती वापरलेली आहे. धरण उतरत जाताना वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमांवरून पाण्याचं क्षेत्र मोजायचं, त्या-त्या तारखेची पातळी धरणाच्या नोंदवहीतून घ्यायची आणि धरण बांधतानाच्या पातळी-क्षेत्र तक्त्याशी ताडायची. त्याच पातळीला आता क्षेत्र कमी भरत असेल तर मधली जागा गाळाने खाल्ली. जो ऋतू इतका वेळ अडचण होता तोच इथे हत्यार होतो, कारण पाणी खाली उतरत जातं म्हणूनच धरणाच्या पोटाचे एकेक काप पाहायला मिळतात. मर्यादा एवढीच की पाणी जिथवर उतरलं तिथवरचंच कळतं. उजनी उण्यात गेली की लोक हळहळतात ते रास्तच आहे, पण गाळ मोजणाऱ्याला मृतसाठ्याच्या वरच्या थरांचेही काप मिळतात ते त्याच वर्षी.

बाकीच्या शंका किरकोळ. लँडसॅट घ्यावा की युरोपचा सेंटिनेल? जुना इतिहास हवा तर लँडसॅट, २०१५ नंतरचा बारीक तपशील हवा तर सेंटिनेल-२. गुगल अर्थवरचे फोटो चालतील? बघायला चालतील, मोजायला नाही. दोन्ही उपग्रहांच्या मालिकांत काही सांधे आहेत तेवढे लक्षात ठेवा. लँडसॅट-७ च्या प्रतिमांवर ३१ मे २००३ नंतर काळे पट्टे आहेत. सेंटिनेल-२ च्या आकड्यांत जानेवारी २०२२ पासून १००० ची भर पडते; ती वजा केली नाही तर जगभरात एका रात्रीत पर्यावरण बदललेलं दिसेल.

असाच एक सांधा जंगलाच्या आकड्यांत आहे आणि तिथे तो कोणी पाहतच नाही. भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ चा. त्यात ४०० हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर येतच नव्हता. आता एक हेक्टरचाही येतो. त्यातही दहा टक्क्यांवर झाडांचं छत्र असलं की आमराई आणि नारळीची बागसुद्धा वनाच्छादनात धरतात. १९८७ पासून आजपर्यंतचा एक सलग आलेख काढून ‘जंगल वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणणारे मापणारी पट्टी बदलली हे विसरतात. शिवाय दर दोन वर्षांनी जाहीर होणारा ठळक आकडा निव्वळ असतो. एकीकडे सागाचं रान गेलं आणि दुसरीकडे तेवढीच बाग आली तर बेरीज शून्य. कुठे गेलं आणि कुठे आलं हे नकाशावर पिक्सेलगणिक पाहिल्याशिवाय ‘स्थल’ हा शब्द वापरायचा अधिकार नाही. आणि मेळघाट-ताडोबाच्या एप्रिलमधल्या प्रतिमा दाखवून वृक्षतोडीचा आरोप करणाऱ्यांना एवढंच: साग पानं गाळतो. वन सर्वेक्षणवाले ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा घेतात ते उगाच नाही.

दोन फोटो कायमचे टाकाऊ आहेत असं मात्र नाही. जिथे घटना एकदाच घडते आणि उलटत नाही तिथे तेच बरोबर, मालिका उलट घात करते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे तीस वर्षांचा कल काढून काय मिळणार? वर्षभराच्या प्रतिमांचा मध्यक काढला तर दरडीचा ओरखडा त्यात पुसटही होईल. तिथे घटनेच्या शक्य तितक्या जवळची आधीची आणि नंतरची, अशा दोनच प्रतिमा हव्यात. फक्त जुलैत सह्याद्रीवर ढग हटत नाहीत, आणि निरभ्र प्रतिमेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर ओरखड्यावर गवत उगवलेलं असतं. म्हणून ढगांतून पाहणारं सेंटिनेल-१ चं रडार घ्या, आणि दोन्ही प्रतिमा उपग्रहाच्या एकाच फेरीच्या दिशेच्या घ्या: दोन्ही उत्तरेकडे जातानाच्या, नाहीतर दोन्ही दक्षिणेकडे जातानाच्या. एक इकडची आणि एक तिकडची घेतली तर रडार डोंगराकडे दोन वेगळ्या बाजूंनी पाहतं, आणि डोंगराच्या ज्या उतारावर काहीच झालेलं नाही तिथेही दरड दिसेल.