दुष्काळ, हुंडा आणि मुलीच्या लग्नाचं वय

सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, आटपाडी, जत या कोरडवाहू पट्ट्यात पाऊस हुकला की मुली लवकर उजवतात, असं सर्रास बोललं जातं. घरातलं एक खाणारं तोंड कमी, हा त्यामागचा हिशेब. आकडे मात्र उलट बोलतात.

ल्युसिया कॉर्नो, निकोल हिल्डेब्रांट आणि अलेसांड्रा व्होएना या अर्थशास्त्रज्ञांचा यावरचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भारत आणि सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका मिळून सुमारे ४ लाख स्त्रियांची माहिती त्यांनी तपासली. दुष्काळात पीक १० ते १५ टक्क्यांनी घटतं. अशा वर्षी बालविवाह होण्याची शक्यता आफ्रिकेत ३ टक्क्यांनी वाढते, भारतात ४ टक्क्यांनी घटते.

फरक पडतो तो पैसा कोण देतं यामुळे. तिकडे बऱ्याच समाजांत मुलाकडचे मुलीच्या घरी देज देतात, त्यामुळे कडकीत लग्न उरकलं तर चार पैसे हाती येतात. आपल्याकडे हुंडा, मानपान, जेवणावळी, सगळं मुलीच्या बापाच्या अंगावर. ज्वारी करपली, शेळ्या बाजारात गेल्या, मग मांडव घालायचा कशावर? लग्न पुढच्या सालावर जातं.

हे ४ टक्के वाचताना हमखास घोळ होतो. समजा, १६ वर्षांच्या १०० अविवाहित मुलींपैकी एरवी वर्षभरात १० जणींची लग्नं होतात. दुष्काळी वर्षी ती ९.६ होतील, ६ नव्हे. आणि दुष्काळ म्हणजे कमी पाऊस एवढंच नाही, तर त्या जागेच्या मानाने कमी पाऊस. माणमध्ये ५०० मिमी हे बरं वर्ष, महाबळेश्वरला तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

ही सगळी देशाची सरासरी झाली. ऊसतोडीत गणित फिरतं. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. लग्न झालं की कमावणारी जोडी तयार. शिवाय आई-बाप कराड-वाळव्याच्या उसाच्या फडात सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहणार, तर वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? अशा घरांत दुष्काळ लग्नाची घाईही करायला लावू शकतो. सरासरीत ही घरं बुडून जातात.

जिल्ह्याच्या आकड्यावरून हे उलगडेल असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. हाच वयोगट घेतात, कारण १५-१६ वर्षांच्या मुलीचं लग्न १८ च्या आत होणार की नाही हे अजून ठरायचं असतं. त्यामुळे आकडा काही वर्षं जुन्या लग्नांचा असतो. त्यात देशभरातून जिल्ह्यामागे सरासरी हजारेक स्त्रियाच पाहणीत आल्या. २० ते २४ वयाच्या त्यातल्या जेमतेम १७०. एवढ्या नमुन्यावर २२ टक्के आले तर खरा आकडा १६ ते २८ मध्ये कुठेही असू शकतो. सातारा आणि सांगलीत तीन-चार टक्क्यांचा फरक दिसला म्हणून कोण पुढे, कोण मागे ठरवणं फुकट आहे.

वयाचं वेगळंच. कायदा ठाऊक असल्यामुळे घरचे "अठरा पूर्ण" सांगून मोकळे होतात. म्हणून पाहणी करताना लग्नाचं वय थेट विचारून भागत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि पहिल्या बाळाची जन्मतारीख शेजारी ठेवून वजाबाकी करावी लागते, आणि ऊसतोडीच्या घरात उचल कोणत्या साली, किती कोयत्यांवर घेतली हेही विचारावं लागतं.