पायपीट पुस्तकात, लढाई पडद्यावर

जून 1958 मध्ये जे. आर. आर. टोल्किन यांनी अमेरिकेला एक लांबलचक पत्र धाडलं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्यांची तीन खंडांची कादंबरी: फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला एक जण, दुष्ट शक्तीने भरलेली अंगठी नष्ट करायला शत्रूच्या मॉर्डोर देशात निघतो. तिचा शेवटचा खंड बाजारात येऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. मॉर्टन ग्रेडी झिमरमन यांनी या कादंबरीवरच्या चित्रपटासाठी कथेचा आराखडा लिहिला होता आणि तो फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्यामार्फत टोल्किन यांच्याकडे मतासाठी आला होता. टोल्किन पेशाने प्राध्यापक. विद्यार्थ्याची वही तपासावी तसा त्यांनी तो आराखडा तपासला. प्रवास उरकायला जागोजागी गरुड कशाला बोलावले? लेम्बास या एल्फ लोकांच्या भाकरीला प्रयोगशाळेतल्या सत्त्वगोळीसारखं नाव का दिलं? कथेतला काळ ऋतूंवरून कळतो, ते ऋतू तर चित्रात दाखवायला किती सोपे, मग तेच का पुसले?

या किरकोळ तक्रारींखाली खरी तक्रार होती. कादंबरीचा खास सूर ज्या भागांवर उभा आहे नेमके तेच लेखकाने कापले आणि मारामाऱ्या तेवढ्या जपून ठेवल्या, असं टोल्किन यांचं म्हणणं. पुढे त्यांनी एक व्यवहारी सल्लाही दिला. एन्ट, म्हणजे चालतीबोलती झाडं, आणि हॉर्नबर्ग किल्ल्यावरची लढाई या दोन्हींना पुरेसा वेळ देता येत नसेल, तर एक काढा. आणि काढायचीच तर लढाई काढा, कारण मुख्य कथेच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे.

चव्वेचाळीस वर्षांनी, 2002 मध्ये, कादंबरीच्या दुसऱ्या खंडावरचा पीटर जॅक्सन यांचा 'द टू टॉवर्स' आला. त्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात गाजलेली घटना म्हणजे हीच हॉर्नबर्गची लढाई. पुस्तकात ती एका प्रकरणात आटोपते. फँटसी कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचे चित्रपट यांत फरक का पडतो, या प्रश्नाचा बराचसा इतिहास या दोन टोकांच्या मध्ये आहे.

पुस्तकातलं पडद्यावर बदलतं, याची चर्चा त्याहून जुनी आहे. 'द विझर्ड ऑफ ऑझ' हे एल. फ्रँक बॉम यांचं पुस्तक 1900 चं. त्यात डोरोथीचे बूट चंदेरी आहेत. 1939 च्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण टेक्निकलर हे रंगीत चित्रणाचं तंत्र नवं होतं आणि पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल रंग उठून दिसत होता. हा बदल निरुपद्रवी म्हणता येईल. दुसरा तसा नव्हता. पुस्तकातलं ऑझ हा खराखुरा देश आहे. चित्रपटाने ते डोरोथीचं स्वप्न ठरवलं. मोठ्या माणसांना अद्भुत जग जसंच्या तसं पचत नाही, त्याला झोपेचं निमित्त लागतं, अशी तेव्हाच्या स्टुडिओंची समजूत होती. टोल्किन यांच्यासारख्या लेखकाची सगळी धडपड याच्या उलट होती: हे जग स्वप्न नाही, त्याला भाषा आहेत, वंशावळी आहेत, नकाशे आहेत, चंद्राच्या कला आहेत. असल्या पुस्तकाला हात घालायचा म्हणजे ते सगळं पडद्यावर उभं करायचं, आणि ते कसं करायचं हे पुढची चाळीस वर्षं कुणालाच नीट कळलं नाही.

त्या चाळीस वर्षांतले प्रयत्न वाचताना हसू आवरत नाही. 1966 मध्ये टोल्किन यांच्याच 'द हॉबिट' या आधीच्या पुस्तकावर जेमतेम बारा मिनिटांचा एक अ‍ॅनिमेशनपट घाईघाईने तयार झाला. हेतू एवढाच, की मुदत संपण्याआधी काहीतरी दाखवून हक्क हातात राखायचे. त्यात पुस्तकात नसलेली एक राजकन्याही आहे. 1969 मध्ये चित्रपटाचे हक्क युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेले. त्यांनी जॉन बोअरमन यांना काम दिलं आणि 1970 च्या सुमारास सबंध कादंबरी एकाच चित्रपटात कोंबणारी पटकथा तयार झाली. मोरिया या भूमिगत नगरीच्या दाराचा परवलीचा शब्द आठवावा म्हणून गिमली या पात्राला खड्ड्यात घालून बडवण्याचा प्रसंग तिच्यात आहे. चित्रपट झाला नाही. बोअरमन यांनी तिथे कमावलेलं बरंच काही पुढे 'एक्सकॅलिबर'मध्ये (1981) वापरलं.

1978 चा राल्फ बाक्षी यांचा अ‍ॅनिमेशनपट मात्र खरोखर पडद्यावर आला. खऱ्या नटांचं चित्रीकरण करून त्यावरून चित्रं गिरवायची, अशी त्याची पद्धत. हेल्म्स डीपच्या, म्हणजे त्याच हॉर्नबर्गच्या, लढाईपाशी तो थांबतो, म्हणजे कथा निम्मीच. हा 'भाग पहिला' आहे असं शीर्षकात लिहायला वितरक तयार झाले नाहीत, त्यामुळे प्रेक्षक शेवटी बुचकळ्यात पडले. दुसरा भाग कधीच निघाला नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी: थांबायला जागा हवी म्हटल्यावर बाक्षींनाही लढाईच सापडली.

यात पटकथेच्या गणिताचा मोठा हात आहे. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे शब्द साडेचार लाखांच्या वर आहेत. कापावं लागणारच. पण कात्री कुठे चालते ते बघितलं तर दिसतं, की ती सरसकट चालत नाही. अशा कादंबऱ्यांत माणसं मुख्यतः चालतात. चालून दमतात, बसतात, गाणी म्हणतात, जुन्या राजांच्या गोष्टी सांगतात, पुन्हा चालतात. वाचकाला त्या जगाचं वय कळतं ते या पायपिटीतून. पडद्यावर दऱ्याडोंगर चार सेकंदांत दिसतात, त्यामुळे पायपिटीची पानंच्या पानं अनावश्यक वाटू लागतात. लढाईचं नेमकं उलट. कागदावर ती दोन परिच्छेदांत संपते. पडद्यावर पैसा, माणसं, घोडे आणि आवाज ओतायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. सी. एस. लुईस यांच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'मध्ये (1950) शेवटची लढाई थोडक्यात उरकली आहे, आणि आपण तिथे पोचतो तोवर ती संपत आलेली असते. 2005 च्या चित्रपटात तीच लढाई सगळ्यात भव्य प्रसंग झाली.

जॅक्सन यांच्या चित्रत्रयीकडे जरा थांबून बघायला हवं, कारण तिथे बदलांची कारणं उघड दिसतात. सुरुवातीला मिरामॅक्स कंपनीसाठी दोन चित्रपटांची योजना होती. खर्च वाढतोय असं दिसल्यावर एकाच चित्रपटात गोष्ट बसवा असा आग्रह सुरू झाला. तेव्हाच्या सूचनांमध्ये रोहन आणि गोंडोर ही दोन राज्यं एक करणं, रोहनच्या एओविनला गोंडोरच्या बोरोमिरची बहीण करणं आणि, गंमत बघा, हेल्म्स डीपची लढाई काढून टाकणं असे मुद्दे होते. म्हणजे लढाई गाळायला स्टुडिओही तयार होता, लेखकाप्रमाणेच. कारणं मात्र अगदी वेगळी. जॅक्सन यांनी नकार दिला आणि दुसरा स्टुडिओ शोधला. न्यू लाइनच्या बॉब शे यांनी विचारलं, पुस्तकं तीन, मग चित्रपट दोन का? 2001, 2002 आणि 2003 असे तीन चित्रपट निघाले. शेवटच्याला अकरा नामांकनं मिळाली आणि अकराही ऑस्कर मिळाले.

पुस्तकाशी फारकत कुठे झाली, याची यादी चाहत्यांना तोंडपाठ असते. जंगलात राहणारा टॉम बॉम्बाडिल नाही. ग्लॉर्फिन्डेल या एल्फच्या जागी घोड्यावर अर्वेन ही एल्फकन्या. फ्रोडोचा पालक बिल्बो याच्या वाढदिवसानंतर फ्रोडो घर सोडतो तोवर पुस्तकात सतरा वर्षं जातात, चित्रपटात ती जाणवतही नाहीत. पण यादीपेक्षा एका बदलाने दुसरा कसा ओढून आणला ते बघणं जास्त मजेचं.

टोल्किन यांनी दुसऱ्या खंडाचे दोन वेगळे भाग केले आहेत. आधी अ‍ॅरागॉर्न आणि त्याची फ्रोडोपासून वेगळी झालेली मंडळी, सलग. मग फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम, सलग. एका भागात असताना दुसऱ्याची खबर नाही. ही नुसती मांडणी नव्हे, तिच्यातच कथेचा ताण आहे. मॉर्डोरच्या काळ्या दरवाजापाशी शत्रूचा दूत फ्रोडोचं चिलखत फडकावतो, तेव्हा फ्रोडो पकडला गेला एवढंच वाचकाला ठाऊक असतं, पुढचं काही नाही. तिथे उभ्या असलेल्या गॅन्डाल्फ या जादूगाराइतकेच आपणही आंधळे. चित्रपटात दोन्ही कथा आलटून-पालटून चालतात, कारण फ्रोडोला तासभर गायब करणं परवडणारं नव्हतं. मग दूताचा प्रसंग आला तरी प्रेक्षकाला सगळं आधीच माहीत. चित्रपटगृहातल्या आवृत्तीतून तो वगळला गेला. विस्तारित आवृत्तीत आहे, पण त्याचा डंख गेलेला.

याच आलटापालटीमुळे शेलॉब ही राक्षसी कोळीण दुसऱ्या चित्रपटातून तिसऱ्यात गेली. टोल्किन यांनी दिलेल्या दिनदर्शिकेप्रमाणे ते बरोबरही आहे, कारण शेलॉबचा प्रसंग हेल्म्स डीपनंतर आठवड्याभराहून अधिक उशिरा घडतो. पण मग दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी फ्रोडोने करायचं काय? म्हणून बोरोमिरचा भाऊ फॅरामिर बिघडला. पुस्तकातला फॅरामिर म्हणतो, ती अंगठी वाटेवर पडलेली सापडली तरी मी उचलणार नाही. चित्रपटातला फ्रोडो आणि सॅमला धरून ऑस्गिलियथ शहरापर्यंत नेतो. पटकथाकारांची बाजू अशी, की ज्या अंगठीची इतकी दहशत उभी केली तिला एकाने सहज झिडकारलं तर दहशत राहते कुठे? मुद्दा खोटा नाही. तरी मला तो बदल आजही खुपतो. मोहात न पडणारा एक तरी माणूस त्या जगात असणं हे त्या दहशतीपेक्षा मोलाचं आहे, असं मला वाटतं.

एन्ट लोकांची गोष्ट तशीच. पुस्तकात ते तीन दिवस सभा घेतात, सावकाश बोलतात आणि शेवटी स्वतः ठरवून युद्धाला निघतात. त्यांनी आयझेनगार्ड हा शत्रूचा गड उद्ध्वस्त केलेलं आपल्याला थेट दिसतही नाही. मेरी आणि पिपिन हे हॉबिट नंतर जेवताखाताना ते सांगतात. चित्रपटात सभा युद्धाला नकार देते, पिपिन ट्रीबिअर्ड या एन्टला तोडलेली झाडं दाखवतो आणि मग संतापाच्या भरात हल्ला होतो. दृश्य जबरदस्त आहे. पण विचार करून रागावणारी झाडं गेली आणि चिडून उठणारी आली.

आणि शायर, हॉबिट लोकांचा मुलूख. पुस्तकात चौघे हॉबिट घरी परततात तर गावाची रया गेलेली, झाडं तोडलेली, गुंडांचं राज्य. लढून ते सोडवावं लागतं. हा भाग कथानकाचं आवश्यक अंग आहे आणि तो सुरुवातीपासून मनात होता, असं टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. चित्रपटात शायर जसंच्या तसं हिरवंगार. मोठा शत्रू मेल्यावर प्रेक्षक आणखी एक छोटं युद्ध बघत बसणार नाही, हा हिशेब.

लेखक हयात असले की भांडण कोर्टापर्यंतही जातं. मिखाएल एण्डे यांची 'द नेव्हरएण्डिंग स्टोरी' 1979 ची. 1984 चा वोल्फगांग पीटरसन यांचा चित्रपट पुस्तकाच्या साधारण मध्यावरच संपतो. मुलगा अद्भुत जगाला वाचवतो, इथवर चित्रपट. तेच जग त्या मुलाला बिघडवतं आणि तो स्वतःला हरवत जातो, ही पुस्तकाची दुसरी, जास्त कडू बाजू तिथे नाहीच. एण्डे दावा हरले. फिलिप पुलमन यांच्या कादंबरीवरच्या 'द गोल्डन कंपस'चा (2007) शेवट तर चित्रित होऊनही कापला गेला, कारण तो फार काळवंडलेला होता. पुढचे भाग निघालेच नाहीत.

अर्सुला ले ग्विन यांची तक्रार निराळी. त्यांच्या अर्थसी कादंबऱ्यांचा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा. 2004 च्या टीव्ही मालिकेत तो गोरा झाला. त्यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला. 2006 मध्ये गोरो मियाझाकींचा अ‍ॅनिमेशनपट बघून मात्र त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं, की हे माझं पुस्तक नाही, हा तुझा चित्रपट आहे, चांगला चित्रपट आहे. (नंतर त्यांनी लिहिलेलं परीक्षण इतकं गोड नव्हतं.)

कापाकापीवरचा उतारा म्हणजे लांबी, असं कुणाला वाटेल तर 'द हॉबिट' आठवावा. सुमारे तीनशे पानांचं मुलांचं पुस्तक, 2012 ते 2014 या काळात त्याचे तीन चित्रपट. आता कापायचं कारण उरलं नव्हतं, तर भर पडली: पुस्तकात कुठेही नसलेली टॉरिएल आली, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला लेगोलास आला. पुस्तकात शेवटच्या लढाईत बिल्बोच्या डोक्याला दगड लागतो, तो बेशुद्ध पडतो आणि लढाईचा शेवट आपल्याला नंतर ऐकून कळतो. तिसऱ्या चित्रपटाला त्या लढाईचंच नाव दिलं आहे.

दरम्यान 2021 मध्ये इंटरनेटवर एक जुनी चीज उगवली: 1991 मध्ये लेनिनग्राड टीव्हीने दाखवलेलं 'फेलोशिप' या पहिल्या खंडाचं रूपांतर, 'ख्रानितेली'. नाटकाचे पडदे, कामचलाऊ पोशाख, बजेट दिसतच नाही. पण त्यात टॉम बॉम्बाडिल आहे, त्याची बायको गोल्डबेरीही आहे. पैसा नसल्यामुळे लढाईवर वेळ घालवणं त्यांना शक्यच नव्हतं.

आणि 2024 मध्ये 'द वॉर ऑफ द रोहिरिम' हा अ‍ॅनिमेशनपट आला. त्याचा आधार म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या परिशिष्टातली थोडी पानं, राजा हेल्म हॅमरहँडची हकिगत. तिच्यात त्याच्या मुलीला टोल्किन यांनी नावही दिलेलं नाही. चित्रपटाने तिला हेरा म्हटलं आणि नायिका केलं. शत्रूने कोंडल्यावर राजाची माणसं ज्या किल्ल्याचा आसरा घेतात, तो हॉर्नबर्गच.