नारळीकर, धारप आणि मुद्रिका : एका सरमिसळीची पार्श्वभूमी

डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला 94वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. याच शहरात 1942 साली आचार्य अत्रे आणि 2005 साली केशव मेश्राम संमेलनाध्यक्ष होते. विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ त्या पदावर येण्याची मात्र ही पहिलीच वेळ. प्रकृतीमुळे नारळीकरांना आडगावच्या मांडवात येता आलं नाही. 20 मे 2025 रोजी ते गेले, आणि त्यांची पुस्तकं पुन्हा काढून वाचली जाऊ लागली.

पण आज विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचणारा नाशिककर केवळ नारळीकरांवर थांबत नाही. त्याच्याकडे भयकथाकार नारायण धारप असतात, ‘हॅरी पॉटर’चे मराठी भाग असतात, मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलेलं ‘स्वामी मुद्रिकांचा’, म्हणजे टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ असतं. कॉलेजातली मुलं इंग्रजीतून ‘ड्यून’ वाचतात, चिनी लेखक लिऊ सिशिन वाचतात. यातलं काही पडद्यावर पाहून वाचायला घेतलेलं असतं, त्यात वावगं काहीच नाही. या सरमिसळीची मुळं बरीच जुनी आहेत.

मराठी कादंबरीची सुरुवातच अद्भुतातून झाली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. विज्ञानकथा आली तीसुद्धा भाषांतराचं बोट धरून. 1900 च्या आसपास ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्रावरच्या सफरीची कादंबरी मराठीत छापली जात होती. पुढे श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ आली. स्वतंत्र मराठी विज्ञानकथेचा आरंभ बहुतेक अभ्यासक तिच्यापासून धरतात.

नाशिकचा विचार करताना मला इथे कुसुमाग्रज आठवतात. 1942 च्या ‘विशाखा’तलं ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ आपण शाळेत प्रेमकविता म्हणून शिकलो. ते नुसतं खगोलाच्या नजरेने वाचून पाहा. पृथ्वी युगानुयुगं सूर्याभोवती फिरते आहे आणि तिच्याकडे एकेक मागणी येते आहे. मंगळ लाजून लाल झालेला आहे, धूमकेतूचे केस पिंजारलेले आहेत, ध्रुव उत्तरेला संन्यास घेऊन बसला आहे. प्रत्येकाचं रूप त्याच्या आकाशातल्या खऱ्या वागण्यावरून घेतलेलं. मंगळ तांबडा दिसतोच, धूमकेतूला शेपटी असतेच, ध्रुव हलत नाहीच. निरीक्षण पक्कं आणि कल्पना मोकळी, हे जमलेली रचना मराठीत फार थोडी सापडते, आणि ती नाशिकच्या कवीची आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

नंतरची काही दशकं मासिकांची. ‘नवल’सारख्या अंकांतून गूढ, अद्भुत आणि विज्ञान एकाच मुखपृष्ठाखाली नांदलं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मुलांपर्यंत नेला. धारप भयकथांबरोबर विज्ञानकथाही लिहीत होते, आणि त्यांच्या वाचकाला त्यात काही खटकत नव्हतं.

मग 1974 साल आलं. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की खरा लेखक सापडतो. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून नारळीकरांनी टोपणनाव घेतलं होतं. 1979 मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. त्यातल्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेमागची कल्पना घरी करून पाहण्याजोगी आहे. कागदाची लांब पट्टी घ्यायची, तिला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवायची. या पट्टीच्या पृष्ठावर सपाट डाव्या हाताचा आकार सरकवत पूर्ण फेरी मारली की तो उजवा होऊन परत येतो. हेच अवकाशात माणसाच्या बाबतीत घडलं तर? या एका प्रश्नावर अख्खी कथा उभी राहते.

बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी हा प्रवाह मोठा केला. त्याचबरोबर एक कुंपणही पडलं. विज्ञानकथेने विज्ञानाचा प्रसार करावा, अंधश्रद्धेशी लढावं, अशी अपेक्षा तिच्याकडून होऊ लागली. हेतू चांगलाच होता आणि त्यातून उत्तम कथा आल्या. पण अद्भुताला त्यामुळे बालवाङ्मयाच्या नाहीतर भयकथेच्या कपाटात जावं लागलं, आणि मोठ्यांसाठी नवी जगं रचणारी ऐसपैस मराठी कादंबरी मागे पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. ती भूक भाषांतरांनी भागवली. मंजूषा आमडेकरांनी मराठीत आणलेला हॅरी वाचत मोठी झालेली पिढी आज तिशीच्या आसपास आहे, आणि तिला जादू वाचायची लाज वाटत नाही. धारपांच्या कथेवरून स्फुरलेल्या 2018 च्या ‘तुंबाड’ चित्रपटानंतर त्यांच्याकडे नवे वाचक वळले. ऐकण्याच्या अ‍ॅपवरही धारप आहेत.

नाशिकमध्ये या वाचनाला आधार मिळतो तो वाचनालयांचा. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, 1840 पासूनचं. दिवाळीनंतर गल्लोगल्लीच्या लायब्रऱ्यांत अंकांची योजना लागते. वर्गणी भरायची आणि अंक बदलून न्यायचे. त्यात ‘धनंजय’ हातात पडला की रहस्य, गूढ आणि विज्ञान आजही शेजारीशेजारी वाचायला मिळतं. लांबलचक अद्भुत कादंबरीचं तसं नाही. ती हवी असेल तर वाचकाला भाषांतराकडे किंवा थेट इंग्रजीकडेच जावं लागतं. पंचवटी आणि दंडकारण्याच्या कथांवर वाढलेल्या गावात तरी ही उणीव कुणीतरी लिहायला घेऊन भरून काढावी, अशी माझी फार इच्छा आहे.