व्हर्ले पद्धती

कणांच्या गतीची अवकल समीकरणे संगणकावर पायरीपायरीने सोडवण्याची एक रीत. कणाच्या आताच्या स्थानाच्या दुपटीतून मागचे स्थान वजा करायचे आणि त्यात त्वरण व कालांतराचा वर्ग यांचा गुणाकार मिळवायचा, की पुढचे स्थान मिळते. सूत्रात वेग येतच नाही.

ही रीत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांच्या नावाने रूढ आहे. १९६७ मध्ये त्यांनी ८६४ कणांच्या द्रवावर ती वापरली आणि रेण्वीय गतिकीत (अणु-रेणूंच्या हालचालींचे संगणकावर अनुकरण करण्याच्या शास्त्रात) ती रुळली. सूत्र मात्र जुने आहे. ध्रुवीय प्रकाशाचा (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणाऱ्या प्रकाशझोतांचा) उलगडा करताना नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टॉर्मर यांनी १९०७ च्या सुमारास विद्युतभारित कणांचे मार्ग याच रीतीने, तेही हाताने आकडेमोड करून काढले. म्हणून गणितज्ञ तिला ‘स्टॉर्मर-व्हर्ले’ म्हणतात. काही जण तिचा पहिला वापर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ देलांब्र यांच्याकडे, १७९१ पर्यंत मागे नेतात. आणखी काही अभ्यासक थेट न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’कडे (१६८७) बोट दाखवतात. समान काळात समान क्षेत्रफळ हा नियम सिद्ध करताना न्यूटन कणाला ठरावीक अंतराने केंद्राकडे धक्के देतात, आणि ती रचना खरोखर हीच आहे. पण तिथे हेतू सिद्धतेचा होता, आकडे काढण्याचा नव्हे. त्यामुळे गणनापद्धती म्हणून ‘स्टॉर्मर-व्हर्ले’ हे जोडनावच अधिक न्याय्य वाटते.

पद्धतीचे खरे मोल ऊर्जेच्या हिशेबात आहे. स्प्रिंगला बांधलेला कण घ्या. वस्तुमान १, स्प्रिंगचा स्थिरांक १, कालांतर ०.१. ऑयलर यांच्या साध्या रीतीत, म्हणजे आताचा वेग व त्वरण धरून थेट पुढची पायरी काढण्यात, दर पायरीला ऊर्जा १ टक्क्याने वाढते. १०० पायऱ्यांत, म्हणजे जेमतेम दीड आवर्तनात, ती २.७ पट होते. व्हर्ले पद्धतीत कण टोकाच्या स्थानावरून स्थिर अवस्थेतून सोडला, तर ऊर्जा फार तर पाव टक्का घटते आणि पुन्हा मूळ पातळीवर येते, कितीही आवर्तने झाली तरी. स्थान-वेग प्रतलावरील क्षेत्रफळ ही रीत बदलू देत नाही, हे त्याचे कारण. मात्र स्प्रिंगच्या या उदाहरणात कालांतर २ च्या पुढे गेले, की उत्तर भडकते.

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधील ‘ओडीई४५’ आणि पायथन भाषेच्या सायपाय संचातील ‘solve_ivp’ची ठरलेली रीत या दोन्ही बदलत्या पायरीच्या रुंग-कुट्टा कुळातल्या (एका पायरीत त्वरण अनेकदा मोजणाऱ्या) आहेत. थोड्या आवर्तनांना त्या उत्तम. लांबच्या प्रवासात ऊर्जा हळूहळू सरकते. म्हणून ग्रहाची कक्षा आपोआप आक्रसताना दिसली, तर बलाच्या सूत्राइतकीच सोडवणारी रीतही तपासावी. लॅम्प्ससारख्या रेण्वीय गतिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेग-व्हर्ले’ हे, स्थानाबरोबर वेगही काढणारे रूप नेहमीचे आहे.

बल वेगावर अवलंबून असेल, तर मूळ सूत्र अडते. प्लाझ्मातील (विद्युतभारित कणांच्या वायूतील) कणांसाठी भौतिकशास्त्रज्ञ बोरिस यांची १९७० ची रीत वापरतात: विद्युत क्षेत्राचा अर्धा धक्का, चुंबकीय क्षेत्रानुसार वेगाची दिशा फिरवणे, मग उरलेला अर्धा धक्का.